त्या नावाची नोंद नाही

डोंबिवली (पूर्व)
शनिवार

तीर्थरूप विठ्ठलदादा यांस,

खडवलीच्या दिशेला तोंड करून साईनाथचा वाकून नमस्कार. (कंबर जेवढी वाकते तेवढाच आहे, गोड मानून घ्यावा.) आपला गुडघा कसा आहे? चिकूंवर यंदाही वटवाघळं उतरली का? विहिरीवरची मोटर दुरुस्त झाली की अजून मिस्त्रीची वाट बघताय? इकडची खुशाली विचाराल तर पाणी दिवसाआड येतं, समोरचा रस्ता बुजवून झाला म्हणेपर्यंत पुन्हा खणायला घेतला आहे, आणि माझं ब्लडप्रेशर डॉक्टरांच्या मते ठीक आहे. हे डॉक्टर तुमच्या बहिणीबद्दलही शेवटच्या आठवड्यापर्यंत ठीकच म्हणत होते, त्यामुळे मी फार हुरळून गेलेलो नाही.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण तुमचा फोन वाजतो आणि वाजून वाजून थांबतो. न लागणारा फोन म्हणजे रेंज नाही, आणि वाजून न उचललेला फोन म्हणजे माणूस रागावलेला, एवढं मला कळतं. रागावण्याचा तुम्हाला हक्क आहे. गेल्या रविवारी, हिच्या वर्षश्राद्धानंतर, भजनी मंडळाच्या बायकांनी तिच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला आणि त्यातून तुम्ही न जेवता, पिशवी छातीशी धरून निघून गेलात. त्या पिशवीत तिची लग्नाआधीची कॅसेट होती हे मला शिवानीने नंतर सांगितलं. मोहन्याच्या कारखान्यात लागल्यावर पहिल्या बोनसातून तुम्ही टेपरेकॉर्डर घेतलात आणि सगळ्यात आधी बहिणीला त्याच्यापुढे गायला बसवलंत, ती कॅसेट. या घरात तिचा एवढा आवाज भरून ठेवलाय, पण तेवढा एक तुकडा नाही, आणि मी तो कधीच ऐकलेला नाही. तो दारापर्यंत आला आणि माझ्या तोंडामुळे परत गेला. तेव्हा हे कसं घडलं ते मुळापासून सांगतो, म्हणजे दोष कुणाच्या पदरात किती घालायचा हे ठरवताना तुमच्यापुढे निदान सगळी हकीकत असेल.

मूळ शिवानीचं. लेक म्हणून ती गुणाची आहे यात वाद नाही, पण तिकडे ठाण्याला घोडबंदर रोडवर राहून इकडे बापाने दिवसभर काय करावं याची काळजी ती फार करते. आई गेल्यावर ती मला योगासनं करा, चालायला जा, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर बसा, असं सांगत असे. (कट्ट्यावर एकदा गेलेलो. तिथे प्रत्येक जण आपापल्या शुगरचा आकडा सांगतो आणि ज्याचा मोठा त्याला मान. माझी शुगर नॉर्मल निघाली, मला कुणी विचारलं नाही.) मग एक दिवस तिने माळ्यावरचे कॅसेटचे खोके खाली काढले. आईच्या मंडळाच्या रेकॉर्डिंगपासून मी रेडिओवरून भरून घेतलेल्या मैफिलींपर्यंत सगळं तिने कुठूनसं कॉम्प्युटरमध्ये भरून आणलं, आणि लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून म्हणाली की गाणी सगळी आली आहेत, नावांचा मात्र घोळ आहे, तेवढा तुम्ही निस्तरा. ज्याने उभी हयात सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली, त्याला घोळ निस्तरायला सांगणं म्हणजे काय हे तिला कळायला हवं होतं. त्या दिवसापासून माझा रिकामा वेळ संपला, आणि शांत झोपही.

घोळ म्हणजे किती सांगू दादा. कॉम्प्युटर हा अत्यंत शिस्तीचा आणि अजिबात अक्कल नसलेला कारकून आहे. (असे दोघे माझ्या हाताखाली होते. एक पुढे साहेब झाला.) एकाच गवयाला तो चार माणसं समजतो, कारण एका कॅसेटवर नुसतं नाव, दुसरीवर नावाआधी 'पंडित', तिसरीवर 'पं.', आणि चौथीवर माझ्याच अक्षरात फक्त 'पंडितजी', जसे काही देशात पंडितजी एकच होऊन गेले. ज्यांना ज्यांना आपण मान दिला ते सगळे मानाच्या अक्षराखाली दाटीवाटीने बसलेले. सगळे पंडित प मध्ये, सगळे उस्ताद उ मध्ये. ज्या बिचाऱ्यांना कुणी काही लावलं नाही ते आपापल्या अक्षराखाली एकेकटे. कीर्तनकारांचं त्यातल्या त्यात बरं, त्यांचं 'बुवा' मागून येतं म्हणून ते जागच्या जागी राहिले. आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त गाणी कुणी म्हटली असतील तर ती 'विविध कलाकार' नावाच्या गृहस्थाने. शिवानीने अर्धी नावं इंग्रजीत भरलेली, ती मी एकेक करून मराठीत केली. त्यात पावसाळा गेला. गणपती आले आणि गेले. आरतीला पेटी घेऊन चला म्हणायला यंदा कुणी वर आलं नाही, कारण पेटी तुमची बहीणच वाजवायची.

आणि मग तिचं नाव आलं. तिथे माझा हात थांबला असं लिहिलं तर ते छान दिसेल, पण तो थांबला नाही. सवयीने मी आडनाव, नाव, पतीचे नाव या क्रमाने 'टिपणीस उत्तरा साईनाथ' असं लिहून मोकळा झालो. त्याचा परिणाम असा की नंतर एकदा शोधायच्या जागी चुकून माझंच नाव पडलं, तर साईनाथ या कलाकाराची एवढी गाणी निघाली की मी चक्रावलो. भजनं, गौळणी, पाळणे, मंगळागौरीची गाणी, सगळी साईनाथची. आरतीतसुद्धा मी नुसते ओठ हलवतो हे तुम्हाला माहीत आहे. (तुमच्या बहिणीला माहीत होतं. ती कोपराने ढोसायची.) शिवानी हसली, मीही हसलो, पण नंतर मला ते बरं वाटेना. बाईचं गाणं तिचं, त्यात नवऱ्याचं नाव मध्ये कशाला, असं पहिल्यांदाच मनात आलं. तरी बदललं नाही. पद्धत म्हणजे पद्धत.

नावाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, उत्तरा हे नाव माझ्या आईने ठरवलेलं. तुमच्याकडची मालन चौबळ आमच्याकडे उत्तरा टिपणीस झाली, ती तांदळाच्या ताटात मी अंगठीने तीन अक्षरं लिहिली म्हणून. शेजारी भटजी घाई करत होते, फोटोग्राफर 'इकडे बघा' म्हणत होता, आणि माझं सगळं लक्ष कानाकडे, कारण वधूच्या भावाने कान पिळायचा असतो तो तुम्ही थोड्या वेळापूर्वी पिळलेला. रीत म्हणून दोन बोटांनी धरतात, दादा. तुम्ही बाटलीचं बूच काढावं तसा पिळलात. नाव बदलणार हे तुम्हाला आधी कळलं होतं की काय, हे मला तेव्हापासून विचारायचं आहे. तुम्ही मात्र तिला शेवटपर्यंत मालनच म्हणत आलात. आमच्या घरात येऊन, चहा पिता पिता, माझ्या आईसमोरसुद्धा. आई तुम्ही गेल्यावर कप जरा जोरात विसळायची.

शिवानीला मी ही अडचण सांगितली, म्हणजे फक्त कॉम्प्युटरपुरती सांगितली. ती म्हणाली, बाबा, सिंपल आहे, नाव वेगळं आणि सॉर्टिंग वेगळं. प्रत्येक कलाकारापुढे दोन चौकटी असतात म्हणे. पहिलीत लोकांना दाखवायचं नाव लिहायचं. दुसरीत ते कुठे लावायचं ते लिहायचं, आणि ही दुसरी चौकट कुणाला दिसत नाही. म्हणजे माणूस दिसतो एका नावाने आणि ठेवलेला असतो भलत्याच नावाखाली. मी तिला म्हटलं, हे आम्ही कचेरीत केलं असतं तर चौकशी लागली असती. ती म्हणाली, बाबा, सगळेच करतात. मी ती दुसरी चौकट रिकामी ठेवली.

मग मंडळाच्या बायका आल्या आणि कार्यक्रम ठरला. हिच्या फोटोला हार, पडद्यावर मंडळाच्या गाण्यांची आणि गाणाऱ्यांची नावं, एकेक गाणं ऐकायचं आणि मग वडे, कॉफी. पडदा आणि स्पीकर आमच्या तळमजल्यावरच्या झेवियरचा. (तुम्ही त्याला पाहिलंत, बँडवाला, वसईकडचा, ज्याने तुम्हाला खुर्ची दिली तो.) आदल्या दिवशी तो जोडणी बघायला वर आला तेव्हा मी याच विवंचनेत बसलो होतो की आता नावाआधी कै. लावायला हवं. त्याला सगळा प्रकार सांगितला. तो म्हणाला की त्यांच्यात बाप्तिस्म्याच्या पाण्यात नाव पडतं ते पडतं, त्याची बायको मॅग्डलीन माहेरी मॅग्डलीन, सासरी मॅग्डलीन, आणि दगडावरही मॅग्डलीनच लिहिणार. मी म्हटलं, सॉर्टिंगच्या दृष्टीने तुमचा धर्म फार सोयीचा आहे. तो म्हणाला, फादरना सांगतो, ते खूश होतील.

आपल्यात मात्र बाई नवऱ्याआधी गेली तर कै. आणि सौ. दोन्ही लावतात. कै. तिचं स्वतःचं, सौ. माझ्यामुळे. म्हणजे मी अजून चालतो-फिरतो, दिवसाआड पाणी भरतो, एवढ्यावर तिला ते अक्षर मिळालेलं आहे, दुसरा काही उपयोग माझा तिला आता नाही. हा विचार डोक्यात शिरला आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण काम तर करायलाच हवं होतं. शिवानीने एक युक्ती दाखवून ठेवली होती की एक शब्द सांगायचा, त्या जागी दुसरा सांगायचा, कॉम्प्युटर सगळीकडे एका दमात बदलून देतो. मी मंडळाचा खण उघडला आणि सांगितलं, जिथे 'सौ.' असेल तिथे 'कै. सौ.' कर. एकटीने म्हटलेली गाणी मंडळात बहुतेक हिचीच, तेव्हा सौ. म्हणजे हीच, असं मी धरून चाललो. तपासून पाहिलं नाही. रेकॉर्ड रूममध्ये कुणी असं केलं असतं तर मी त्याला जिन्यात गाठून बोललो असतो. पण दादा, त्या वेळी मला ते अक्षर फार वेळ बघवत नव्हतं, म्हणून लॅपटॉप मिटला आणि डाळीला फोडणी द्यायला उठलो.

रविवारी काय झालं ते तुम्ही मागच्या रांगेतून पाहिलंतच, पण तुम्ही उशिरा आलात (खडवलीची गाडी, तुमचा दोष नाही) म्हणून सुरुवात सांगतो. दिवे मालवले, झेवियरने पडदा उजळला आणि मंडळातली सगळ्यात लहान, बँकेतली रुचिता, माईक घेऊन पडद्यावरची नावं वाचायला लागली. पोरगी वाचण्यात हुशार, अर्थ नंतर बघू अशा वेगाची. तिने खणखणीत आवाजात 'कैलासवासी सौभाग्यवती रंगूबाई' असं वाचलं. रंगूबाई पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या. मग पुढचं नाव, मग त्याच्या पुढचं. सगळं मंडळ ओळीने कैलासवासी होत चाललं होतं. मंडळाच्या कॅसेटवर प्रत्येकीच्या नावाआधी कौतुकाने सौ. छापलेलं होतं, हे मला तेव्हा, त्या अंधारात, आठवलं. मागच्या कुणाला वाटलं की ही श्रद्धांजली आहे, ते उभे राहिले, त्यांना बघून त्यांच्या पुढचे, आणि बघता बघता सगळा हॉल मान खाली घालून उभा. रंगूबाईंना हल्ली ऐकू कमी येतं. सगळे उठले म्हणून त्याही उठल्या, पर्स खुर्चीवर ठेवली, हात जोडले आणि स्वतःसाठी अतिशय मनोभावे शांत उभ्या राहिल्या.

दिवे लागल्यावर जे झालं ते सांगण्यासारखं नाही, तरी सांगतो. एकीच्या सुनेला फोन गेला. दुसरी म्हणाली मी उद्याच डॉक्टरकडे जाते. विमलाबाई मात्र सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान जाऊन काही वर्षं झाली, पण कॅसेट त्याच्या आधीची, त्यामुळे माझ्या एका बटणाने त्या एकाच वेळी स्वर्गवासीही झाल्या आणि सवाष्णही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "कै. राहू द्या हो, ते आज ना उद्या लागायचंच आहे. सौ. परत कुठून आणलंत तेवढं सांगा." सगळ्या हसल्या, त्याही हसल्या, आणि मग हसता हसता त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि वडे तळले का बघायला निघून गेल्या.

आता खरी गोष्ट. त्या सगळ्या गोंधळात मी पडद्याकडे बघितलं. हिचं नाव मी कचेरीच्या पद्धतीने लिहिलेलं होतं, त्यात सौ. नव्हतंच, त्यामुळे त्याला काही झालं नव्हतं. सगळ्या यादीत सगळ्या बायका गेलेल्या, आणि जिच्यासाठी जमलो होतो ती एकटी जिवंत. टिपणीस उत्तरा साईनाथ, पुढे मागे काही नाही. मला तो पडदा मालवू देववेना. झेवियर दोनदा म्हणाला, अंकल, बंद करू? मी म्हटलं, राहू दे जरा. मी शरमेने गप्प झालोय असं लोक समजत होते आणि मी आपला तेवढी एक ओळ वाचत बसलो होतो. त्या वेळेला तुम्ही पुढे आलात.

तुम्ही विचारलंत, "साईनाथराव, यात माझी मालन कुठेय?"

आणि मी, कचेरीतून बाहेर पडून इतकी वर्षं झालेला माणूस, पडद्यावरची नजर न काढता म्हणालो, "त्या नावाची नोंद नाही आमच्याकडे."

ते वाक्य मी नोकरीत हजारो लोकांना ऐकवलं असेल. जमिनीचे कागद शोधायला आंबिवलीहून, शहापुराहून आलेली माणसं खिडकीशी उभी असायची, मी रजिस्टर बघून हे सांगायचो, आणि ती मुकाट्याने पिशवी उचलून जायची. तुम्हीही तसेच गेलात. तुमच्या पिशवीत काय आहे हे मला माहीत नव्हतं, पण माहीत असतं तरी तोंडातून तेच गेलं असतं, कारण खरं कारण वेगळं आहे आणि ते लिहायला मला आठवडा लागला. ते नाव मला ऐकवत नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी नर्स 'उत्तरा मॅडम, उत्तरा मॅडम' करून दमली तरी ही डोळे उघडत नव्हती. तुम्ही खडवलीहून आलात, पायाशी उभे राहून एकदाच 'मालन' म्हणालात, आणि हिने डोळे उघडले. तुमच्याकडे बघून हसली. मी उशाशी होतो. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल, पण जास्त काय झालं तर मला तुमचा हेवा वाटला, दादा, आणि तो अजून गेलेला नाही.

तरी झाल्या प्रकाराबद्दल मनापासून क्षमा मागतो. मंडळाच्या सगळ्या बायकांना मी दुसऱ्या दिवशी बसून परत जिवंत केलं आहे आणि विमलाबाईंचं सौ.ही, त्यांना विचारून, काढणार होतो. (त्या म्हणाल्या, गाण्यापुरतं राहू द्या, गाताना ते समोर बसलेले. म्हणून मग ठेवलं.) राग सोडावा आणि तब्येतीला जपावं. कॅसेटचा विषय मी डोक्यातून काढून टाकलेला आहे. त्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही, तुम्ही तसा गैरसमज करून घेऊ नये.

आपला,
कान अजून लाल असलेला,
साईनाथ

ता. क. — तुमच्या वाटणीचे वडे झेवियरने खाल्ले. फुकट गेले नाहीत हे कळावं म्हणून लिहिलं.

ता. क. दुसरा — पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. ती दुसरी चौकट, न दिसणारी, तिचं काय केलं ते सांगायचं राहिलं. पत्र लिहून झाल्यावर तुमच्या समाधानासाठी तिथे 'मालन' लिहिलं. ती म मध्ये गेली. मग नाव मोठ्याने म्हणून पाहिलं, घरात दुसरं कुणी नव्हतं. दुसऱ्याच्या घरातल्या मुलीला हाक मारल्यासारखं वाटलं. म्हणून पुसून 'उत्तरा' लिहिलं आणि तेही मोठ्याने म्हणून पाहिलं, आणि तेव्हा लक्षात आलं की हेही मी कधी म्हटलेलं नाही. नाव मी लिहिलं, रेशनकार्डावर लिहिलं, बँकेत लिहिलं, दवाखान्याच्या फॉर्मवर लिहिलं, हाक कधी मारली नाही. तिला मी आयुष्यभर 'अगं' म्हणालो. अगं, चहा. अगं, चावी कुठेय. अगं, दार उघड. तिकडून 'आले' यायचं. तेव्हा शेवटी त्या चौकटीत मी 'अगं' असं लिहिलं आहे. शिवानीला बोलू नका, ती म्हणेल बाबा, हे नाव नाहीये. पण बटण दाबल्याबरोबर ती सरसर वर गेली, पंडितांच्या, उस्तादांच्या, सगळ्यांच्या वर, आणि आता यादी उघडली की पहिली तीच असते.

ता. क. तिसरा — वर कॅसेटबद्दल जे लिहिलं आहे ते खोटं आहे. मला ती हवी आहे. पोस्टाने नको, शिवानीबरोबर नको, तुम्ही स्वतः घेऊन या आणि तो टेपरेकॉर्डर चालू असेल तर तोही आणा, नसेल तर झेवियर बघेल. कॉम्प्युटरमध्ये नाही घातली तरी चालेल. आम्ही मुलगी बघायला आलो होतो तेव्हा तिचा घसा बसलेला, ती गायलीच नाही, आणि मग ती आमच्याकडे आली ती 'अगं' होऊनच. तुमच्या पिशवीतल्या त्या मुलीला मी कधी भेटलेलो नाही. एवढी ओळख करून द्यायला या.